तळ दिसेपर्यंत

"या, या, या, येऊ द्या," असं म्हणत रविकांत हाताच्या खुणेनं टेम्पो मागे घेत होता आणि मनात म्हणत होता, ठोक एकदाचा भिंतीला. टेम्पो काही ठोकला नाही. भिंतीच्या चार बोटं अलीकडे अलगद थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून हरिओम खाली उतरला, आणि नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, सरळ रविकांतच्या पायांशी वाकला.

"असू दे, असू दे," रविकांत म्हणाला. पाया पडणाऱ्या माणसावर धड चिडताही येत नाही.

टेम्पोच्या अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाणी न फेकता जलतरण तलाव शुद्धीकरण'. खाली हरिओमचं नाव आणि मोबाईल नंबर. मागे ताडपत्रीखाली ते यंत्र, ज्याच्यासाठी क्लबच्या सेक्रेटरींनी, वीरण्णाअप्पांनी, त्याला बोलावून घेतलं होतं. बोलावण्याआधी रविकांतला विचारलं नव्हतं. लातूरच्या या क्लबात तलाव बांधल्यापासून रविकांतच पोहण्याचा मास्तर. पाठीवर 'कोच' लिहिलेला पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी आणि खिशात पंपरूमची किल्ली. अर्ध्या लातूरची पोरं त्यानं पाण्यात टाकली आणि पोहती करून बाहेर काढली. आणि आता पाण्याचा डॉक्टर म्हणून आलं कोण, तर त्याच्याच किल्लारीचं, त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेलं, नाक पुसायची अक्कल नसलेलं पोरगं.

पाणी बिघडलं होतं हे मात्र खरं. शिमग्यापासून ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसायला लागलं होतं. कोपऱ्यांतून हिरवी बुळबुळ धरत होती. रविकांतनं क्लोरीनच्या गोळ्या दुप्पट केल्या, मग तिप्पट केल्या, पण पाणी तसंच डोळे मिटल्यासारखं. परीक्षा संपल्या की उन्हाळी बॅचेस सुरू व्हायच्या होत्या आणि असल्या पाण्यात पोरं सोडायची कुणाची छाती नव्हती.

हरिओमनं पिशवीतून एक बारीक नळी काढली. नळीच्या बुडाशी एक काळा ठिपका होता. तलावातलं पाणी एका बाटलीत घेऊन त्यानं त्यात कसलंसं औषध घातलं. पाणी दुधासारखं झालं. ते तो हळूहळू नळीत ओतायला लागला.

"दादा, तुमीच बगा. वरून बगायचं. ठिपका दिसतो का?"

"दिसतो."

त्यानं आणखी थोडं ओतलं.

"आता?"

"दिसतो."

"आता?"

"दिसतो म्हटलं ना."

वीरण्णाअप्पांनी मध्येच मान घातली. "कुठं दिसतो हो मास्तर? मला तर मघापासून काही दिसेना."

"टक लावून बगितलं की तसं हुतं, अप्पा," हरिओम म्हणाला. "डोळ्याला सवय लागती. ठिपका गेला तरी दिसत ऱ्हातो. एकदा बगायचं आन नजर काढायची." त्यानं नळी उजेडाकडे धरली. "लई चढलंय. ठिपका जितका लवकर जाईल, तितकं जास्त. हितं तर नळीवरचे आकडे सुरू व्हायच्या आदीच गेला."

"काय चढलंय?"

"स्टॅबिलायझर. गोळीतच असतंय ते. उन्हानं क्लोरीन उडून जाऊ नये म्हनून घालतेत. उन्हात उभ्या पोलिसाला छत्री दिल्यावानी. क्लोरीन संपतंय, पर छत्री तशीच ऱ्हाती. पाणी उन्हानं आटतंय, छत्री काय आटत न्हाई. रोज गोळी, रोज छत्री. आता छत्र्याच एवढ्या झाल्यात, पोलिसाला पुढचं दिसंना. मग कितीबी क्लोरीन टाका."

"म्हणजे टँक रिकामा करायचा?" अप्पांचा आवाज एकदम खाली आला. ज्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात तलावभर पाणी गटारात सोडायचं म्हणजे लोक दगड घेऊन दारात उभे राहिले असते.

"सगळीकडं तसंच करतेत. अर्धं पाणी सोडायचं, नवं भरायचं. आपल्याला कुठलं जमायला? त्याच्यासाठीच तर मी हाय. ह्या बाजूनं पाणी यंत्रात घ्यायचं, आरओतून काढायचं, त्या बाजूनं परत सोडायचं. जारचं पाणी करतेत तसंच, निस्तं यंत्र मोठं. थोडं खराब पाणी निघंल, ते संडासाच्या टाकीत सोडू. गोळ्या आजपासून बंद. पातळ क्लोरीन वापरायचं."

"पण एवढं चढेपर्यंत..." अप्पांनी रविकांतकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

"चूक कुनाची न्हाई, अप्पा," हरिओम लगेच म्हणाला. "दादांनी पाणी जपलं. भरल्यापासून एक थेंब फेकला न्हाई. दुसरा कुनी असता तर दर साली टँक रिकामा केला असता, आन हे झालंच नसतं."

रविकांतचे कान तापले. एक थेंब फेकला नाही हे तो स्वतः छाती फुगवून सांगत आला होता. पाहुण्यांना सांगत आला, पत्रकारांना सांगत आला. आता तेच वाक्य हरिओमच्या तोंडून निघालं आणि त्याचा अर्थ झाला, पाणी यांनीच नासवलं. बरं, पोरगं बोललं होतं ते त्याची बाजू घेऊनच. उघड नावं ठेवली असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

अप्पा खूश झाले होते. हरिओमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे नीट झालं ना, तर पाण्याचं सगळं तुझ्याकडंच देऊन टाकू. पंपरूमची किल्लीसुद्धा. मास्तरांनी आपलं शिकवण्याकडं बघावं. त्यांच्याही डोक्याचा ताप जाईल."

रविकांतनं खिशात हात घातला आणि किल्ली मुठीत धरली. "जाईल की," तो म्हणाला.

घरी विशाखानं ताट वाढता वाढताच विचारलं, "हरिओम भावजी आलेत म्हणं? मग जेवायला आणायचं की घरी. असं कसं वो तुमी?"

"त्याला कुठला वेळ. मोठा माणूस झालाय."

"झालाच की. गावाच्या ग्रुपवर बघा तर." तिनं फोन पुढे केला. फोटोत हरिओम मध्ये उभा. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ, आणि दोन्ही बाजूंना किल्लारीची सगळी प्रतिष्ठित मंडळी. खाली अभिनंदनांची रांग लागली होती. "समद्यांनी लिहिलंय. तुमी निस्ता अंगठा दाखवला. शोभतं का?"

रविकांतनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. त्याला शाल हवी होती. शालीत काय आहे, लातूरच्या उन्हात ती अंगावर घेणार कोण, हे त्यालाही कळत होतं. पण हवी होती. इतकी वर्षं लोकांची पोरं शिकवली, पोरं मोठी झाली, कुणी डॉक्टर झालं, कुणी पुण्याला गेलं. एकालाही वाटलं नाही की मास्तरांच्या खांद्यावर एक शाल टाकावी. आणि ज्याला पाण्यात पाय घालायची भीती, त्याचा सत्कार, तोही पाण्यासाठी!

कारण हरिओमला पोहता येत नव्हतं. हे गावाबाहेर फार कुणाला ठाऊक नव्हतं, पण रविकांतला पक्कं ठाऊक होतं. भूकंपानंतर गाव नव्या जागेवर उठून गेलं, तरी पोरं पोहायला जुन्या गावातल्या विहिरीवरच जायची. रविकांत तेव्हा पोरांच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना पोहायला शिकवायचा. हरिओमलाही त्यानं बांधला. दोरी कच्ची निघाली, डबा एकीकडे आणि पोरगं एकीकडे. डबा सुटलेला इतरांना कळायच्या आत रविकांतनं वरून सूर मारला होता. अंगावरचे कपडेसुद्धा काढले नव्हते. त्या दिवशी गावभर त्याचं नाव झालं आणि हरिओम पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. पाण्याच्या जारचा धंदा मात्र त्यानं टाकला, त्यातून हे यंत्र उभं केलं, आणि आता पाण्यावरच त्याचा बंगला होता.

"विचार कसला करायलाव?" विशाखा म्हणाली. "खावा की."

"मीठ जास्त झालंय," रविकांत म्हणाला आणि ताट सरकवलं. मीठ बेताचंच होतं.

यंत्र घरघरत राहिलं. एका बाजूनं जाड पाईप पाणी ओढायचा, दुसऱ्या बाजूनं बारीक धार परत तलावात पडायची. पहिले दोन दिवस काहीच फरक दिसला नाही आणि त्या दोन दिवसांत रविकांतला चांगली भूक लागली. हरिओम सकाळ-संध्याकाळ नळीत ठिपका बघायचा, मान डोलावायचा. येता-जाता 'दादा, च्या घेऊ', 'दादा, हे बगा' असं चालूच. रविकांत चहा घ्यायचा. एकदा पंपरूममध्ये गोळ्यांच्या डब्यापुढं तो बराच वेळ उभा होता. एक गोळी हातातही घेतली. मग डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. आपण अजून एवढे खाली गेलो नाही, असं त्याचं त्यालाच बरं वाटलं.

मग पाणी निवळायला लागलं. आधी पायऱ्या दिसल्या, मग उथळ बाजूची फरशी. आणि एका सकाळी रविकांत आला तर खोल बाजूचा तळसुद्धा दिसत होता. तळावरच्या निळ्या पट्ट्या, जाळीचं झाकण, कुठल्या पोरीची पडलेली केसांची पिन, सगळं हाताला लागेल असं. इतकं देखणं पाणी त्यानं तलाव भरला त्या दिवशीच पाहिलं होतं. त्याच्या मनात आनंद उमटला, आणि हा आनंद आपल्याला कुणामुळं होतोय हे आठवून तो तिथल्या तिथे आंबला. डोळ्यांत पाणी यावं असा राग त्याला आला. माझं पाणी, माझा तलाव, आणि तळ दाखवायला हा.

त्याच दुपारी ते झालं.

ड्रायव्हर जेवायला गेला होता. अप्पा ऑफिसात फोनवर होते. दुसऱ्या दिवशीच्या बॅचसाठी रविकांत उथळ बाजूला दोऱ्या बांधत होता. हरिओम नळी आणि बाटली घेऊन खोल टोकाला गेला, काठावर गुडघे टेकून बसला. पाणी वरवरचं घ्यायचं नसतं, कोपरापर्यंत हात बुडवून खालचं घ्यायचं असतं. त्यानं हात बुडवला, आणखी थोडा वाकला, आणि गेला.

आवाज मोठा झाला नाही. रविकांतनं मान वर केली तर काठावर नळी पडलेली होती आणि माणूस नव्हता. त्याचे पाय सवयीनं पळाले. दोरी टाकून तो धावत खोल टोकाला आला, अगदी काठाशी, आणि तिथं थांबला.

का थांबला, हे पुढं त्यानं स्वतःला किती तरी वेळा विचारलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की खाली सगळं स्वच्छ दिसतंय. हरिओमचा पांढरा शर्ट फुगला होता. नसलेल्या शिडीवर चढावं तसे त्याचे हात वर येत होते. डोळे उघडे होते. हाक मार, रविकांतच्या मनात आलं. एकदा हाक मार मला. सगळं येतं ना तुला? मग एकदा दादा म्हण.

दर बॅचच्या पहिल्या दिवशी रविकांत आईबापांना रांगेत बसवून सांगायचा, बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात ओरडतो. खरा बुडणारा गपगुमान जातो, म्हणून नजर ठेवा. हे दुसऱ्या कुणापेक्षाही त्याला जास्त ठाऊक होतं. तरी तो हाकेची वाट पाहत राहिला. वर आलेले हात पुन्हा खाली गेले. तोंडातून बुडबुड्यांचा एक गोळा निघाला आणि वर येऊन फुटला.

तेव्हा त्यानं उडी मारली.

बाहेर काढून पालथा घातला, पाठ चोळली, तसं हरिओमच्या तोंडानाकातून पाणी आलं. मग खोकला आला, मग रडू. तोवर अप्पा धापा टाकत पोचले होते, वॉचमन आला, ड्रायव्हर हात न धुताच धावत आला. हरिओम फरशीवर बसून थरथरत होता. त्यानं रविकांतचं मनगट धरलं होतं ते काही केल्या सोडेना.

"दादांनी काढलं," तो एवढंच म्हणाला. "दुसऱ्यांदा काढलं."

"देव पावला बाबा!" अप्पांनी दोन्ही हात जोडले. "मास्तर, तुमचा सत्कार करायचा. उद्या बॅचेसच्या उद्घाटनालाच. शाल, श्रीफळ, सगळं."

"कशाला अप्पा? नको. खरंच नको."

"बघा, माणूस किती साधा," अप्पा सगळ्यांना म्हणाले.

ती बातमी गावाच्या ग्रुपवर विशाखानंच टाकली. अभिनंदनांची रांग लागली. ती एकेक वाचून दाखवत होती आणि तिचा आवाज भरून येत होता. रविकांत न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. क्षणभरच तर होतं, तो स्वतःला सांगत होता. धावत आलो, श्वास घेतला, उडी मारली. उडी मारायच्या आधी माणूस श्वास घेतोच. पुन्हा पुन्हा सांगून त्याला ते जवळजवळ पटलं. रात्री जेवणही नीट गेलं.

उद्घाटनाला छोटा मांडव घातला होता. पोरं टोप्या आणि चष्मे लावून काठाशी ओळीनं बसलेली, मागे त्यांचे आईबाप, पुढच्या खुर्चीत ठेवणीतली साडी नेसून विशाखा. अप्पांनी माईक हातात घेतला. पाणी वाचवण्यावर बोलले, लातूरच्या पाण्यावर बोलले, मग मास्तरांवर आले.

"आणि एक आनंदाची गोष्ट सांगतो. पाण्याचं सगळं काम आम्ही हरिओमला द्यायचं ठरवलं होतं. पण तो काय म्हणाला? म्हणाला, अप्पा, पाणी दादांकडंच राहू द्या. त्यांना समदं दाखवून देतो. त्यांच्याइतकं पाण्याला दुसरं कुणी जपणार नाही."

टाळ्या पडल्या. रविकांतनं खिशातली किल्ली चाचपली. ती होती. तलाव त्याचा होता, पाणी त्याचं होतं, आणि आता शालही येत होती. पाण्यावर एक तरंग नव्हता आणि तळावरच्या पट्ट्या आखल्यासारख्या दिसत होत्या. 

"शाल हरिओमच्याच हस्ते," अप्पा म्हणाले.

हरिओम पुढे आला. रविकांतनं सवयीनं 'असू दे, असू दे' म्हणायला ओठ उघडले, पण हरिओम आज वाकला नाही. समोर ताठ उभा राहिला. त्यानं शालीची घडी मोडली, रविकांतच्या खांद्यांवरून नीट पांघरली, पुढची दोन टोकं जुळवली. मग नारळ रविकांतच्या ओंजळीत ठेवला आणि शालीची मागची बाजू सारखी करायला कानाशी आला.

"पाणी लई साफ झालंय, दादा," तो हळू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "खालून काठ दिसत हुता. तुमचा पिवळा शर्ट दिसला. मी म्हनलं, दादा हाय. आता भ्यायचं कारन न्हाई."

त्यानं शालीचं टोक खांद्यावर दाबून बसवलं.

"लई येळ दिसत हुता, दादा."

आणि तो बाजूला झाला.

"मास्तर, इकडं बघा!" फोटोवाला ओरडला. "जरा हसा की."

विशाखा पदरानं डोळे टिपत होती. टाळ्या थांबल्या. अप्पांनी माईकवरून पहिल्या बॅचला काठावर उभं राहायला सांगितलं आणि रविकांतला हातानं खूण केली. त्यानं नारळ एका हातात धरला, दुसऱ्या हातानं शिट्टी ओठांशी नेली. पण फुंकर काही निघेना.

पोरं पायांची बोटं काठावर रोवून, खाली वाकून, त्याच्या शिट्टीची वाट बघत उभी होती.